एकच द्राक्ष, दहा नावं : सांजोव्हेसे आणि त्याच्या सोबतीचं जेवण

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जानेवारी 2026 मध्ये जाहीर झालं आणि मोटारींच्या जोडीने चर्चा सुरू झाली ती वाइनची. युरोपातून येणाऱ्या वाइनवर आपण 150 टक्के आयातशुल्क लावत आलो आहोत. ते टप्प्याटप्प्याने खाली आणायचं ठरलं आहे. करार लागू होणार, मग राज्याचे कर, मग दुकानदाराचा नफा, या सगळ्यातून बाटलीच्या किमतीत किती फरक उरेल ते पुढे दिसेलच. पण इटालियन बाटल्या आजही मुंबई-पुण्याच्या दुकानांत आहेत आणि त्या फळीपुढे उभं राहिलं की भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. किआंती, किआंती क्लासिको, रोस्सो दी मोन्ताल्चिनो, ब्रुनेल्लो, व्हिनो नोबिले. नावं निराळी, किमती तर फारच निराळ्या. आत मात्र मुख्यतः एकच द्राक्ष : सांजोव्हेसे.

इटलीत सर्वांत जास्त लागवड असलेलं हे काळं द्राक्ष. फ्लॉरेन्स आणि सिएना ज्या प्रांतात आहेत तो तोस्काना हा त्याचा बालेकिल्ला. शेजारच्या रोमान्यातही ते भरपूर होतं. एवढं असूनही पहिल्या घोटाला ते पुष्कळांना आवडत नाही. ‘आंबट आहे’, ‘तोंड कोरडं पडतं’, ‘रंगसुद्धा धड नाही’ या नेहमीच्या तक्रारी. तिन्ही खऱ्या आहेत. फक्त त्या बहुतेक वेळा ताट समोर यायच्या आधी केलेल्या असतात आणि सगळी गोम तिथेच आहे.

खायचं द्राक्ष वेगळं, वाइनचं वेगळं

आपल्याला सवय नाशिक-सांगलीकडच्या थॉमसनची. बी नाही, साल दाताला लागत नाही, गर गोड. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान असतो, आत बिया असतात आणि खरी किंमत गरापेक्षा सालीला असते. काळं द्राक्ष पिळलं तरी रस जवळजवळ बिनरंगी निघतो, कारण रंग सालीत असतो. म्हणून रेड वाइन करताना रस सालींसकट आंबवतात आणि रंगाबरोबर सालीतलं बाकीचंही रसात उतरतं.

सांजोव्हेसेची साल पातळ आणि तिच्यातला रंग बेताचा. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला तर खालची अक्षरं अंधूक वाचता येतात, आणि वाइन जुनी असेल तर कडेला विटकरी छटा दिसते. हे पाणी घातल्याचं लक्षण नाही, द्राक्षाचा स्वभाव आहे.

दुसरी खोड म्हणजे ते पिकतं उशिरा. काढणी सप्टेंबरअखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरात जाते. तेवढ्यात पाऊस आला की पातळ सालीचे घड कुजायला लागतात. वर्ष थंड गेलं तर मणी नीट पिकतच नाहीत आणि वाइन कच्ची, बोचरी होते. म्हणून तोस्कानातल्या चांगल्या बागा दक्षिणेकडे तोंड केलेल्या डोंगरउतारावर असतात आणि जमीन पाण्याचा झटकन निचरा करणारी लागते. किआंतीचे लोक तिथल्या जमिनीची दोन नावं घेतात : हातात घेतला की पापुद्रे सुटून मोडणारा दगड म्हणजे गालेस्त्रो, आणि टणक चुनखडीचा अल्बेरेसे. आपल्या द्राक्ष बागायतदाराला निचऱ्याचं महत्त्व सांगायला नकोच.

आंबटपणा कशाचा, तुरटपणा कशाचा?

द्राक्षातलं मुख्य आम्ल म्हणजे टार्टारिक आम्ल. चिंचेला आंबट करतं ते हेच. कोणतंही द्राक्ष उन्हात पिकत जातं तसतशी साखर वाढते आणि आंबटपणा उतरतो. सांजोव्हेसे मात्र पिकल्यावरही बराच आंबटपणा धरून ठेवतं.

तुरटपणा येतो टॅनिनमुळे. टॅनिन म्हणजे वनस्पतींच्या सालीत, बियांत, पानांत, लाकडात असणारा तुरट पदार्थ. बिनदुधाचा, फार वेळ उकळलेला चहा प्यायल्यावर तोंडाचं जे होतं ते त्याचंच काम. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा ओलसर निसरडेपणा जातो, आणि जीभ हिरड्यांना घासल्यासारखी वाटते. त्याच चहात दूध घातलं की तुरटपणा बसतो, कारण आता टॅनिनला चिकटायला दुधातली प्रथिनं मिळालेली असतात. सांजोव्हेसेच्या घोटाआधी चीजचा तुकडा किंवा मटणाचा घास खाल्ला की तोंडात घडतं ते नेमकं हेच. वाइन तीच असते, पण टॅनिनला दुसरं काम मिळतं.

आंबटपणाचं काम याच्या जोडीने चालतं. तळलेल्या सुरमईच्या ताटात लिंबाची फोड असते. ती कुणी नुसती चोखत बसत नाही, आणि नसली तर मात्र चुकल्यासारखं होतं. या वाइनचं ताटातलं स्थान तेच आहे. तेल-चरबीचा थर तोंडात बसला की तो कापायचा आणि पुढच्या घासाला जीभ मोकळी करायची.

वासाबद्दल फार काव्य लिहिलं जातं, त्यातलं निम्मं सोडून द्यायला हरकत नाही. पण आंबट चेरी, वाळलेला झाडपाला, चहाची पत्ती आणि टोमॅटोचं पान चुरगळल्यावर बोटांना येतो तो हिरवा वास, एवढं शोधलं तर खरंच सापडतं. वाइन मुरली की चामड्याकडे झुकणारा वास येतो. यातलं काही बाहेरून घातलेलं नसतं.

द्राक्ष एक, तर नावं इतकी का?

कारण इटालियन लोक लेबलावर बहुधा गावाचं नाव छापतात, द्राक्षाचं नाही. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या डोंगराळ मुलखाचं नाव किआंती. (अनेक जण त्याला ‘चिआंटी’ म्हणतात. वेटरला दोन्ही कळतं.) तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा मेदिची याने 1716 मध्ये फर्मान काढून कोणत्या हद्दीतल्या वाइनला किआंती म्हणायचं ते ठरवून दिलं. नावाला पैसे मिळायला लागले की नावाची चोरी होते, हे तेव्हाही कळलेलं होतं.

द्राक्षांचं प्रमाण ठरवलं ते बेत्तिनो रिकासोली या सरदाराने. हा गृहस्थ दोनदा इटलीचा पंतप्रधान होता, पण ब्रोलिओच्या आपल्या गढीत त्याने वर्षानुवर्षं वाइनचे प्रयोग केले. 1872 मध्ये त्याने पिसा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला लिहिलेल्या पत्रात हिशेब मांडला आहे : वास आणि जोम सांजोव्हेसेचा, त्याचा कठोरपणा मऊ करायला कानायोलो हे दुसरं काळं द्राक्ष, आणि रोजच्या पिण्याची हलकी वाइन हवी असेल तरच थोडं पांढरं माल्व्हाझिया. मुरवायच्या वाइनमध्ये पांढरं घालायची गरज नाही, असंही त्याने म्हटलं होतं.

पुढच्या पिढ्यांनी नेमकं ते शेवटचं वाक्य विसरायचं ठरवलं. 1967 मध्ये किआंतीला सरकारी मान्यतेचे नियम लागू झाले, त्यांत 10 ते 30 टक्के पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं झालं. पांढरी द्राक्षं पिकवायला सोपी, स्वस्त आणि भरघोस. वाळक्या गवताच्या वेष्टणातल्या गोलपोट्या बाटल्यांतून पातळ, आंबट किआंती जगभर गेली. रिकाम्या बाटल्या मेणबत्त्या लावायला वापरल्या गेल्या आणि आतल्या वाइनचं नाव खराब झालं.

बंड घरातूनच झालं. आंतिनोरी या जुन्या घराण्याने 1971 च्या पिकापासून तिन्यानेल्लो नावाची वाइन काढली, सांजोव्हेसेचीच. 1975 पासून त्यातली पांढरी द्राक्षं पूर्ण गेली आणि थोडं फ्रेंच वाणाचं द्राक्ष आलं. नियमात बसत नाही म्हणून तिला किआंती म्हणता येईना. लेबलावर कागदोपत्री सगळ्यात खालची पायरी, ‘टेबल वाइन’, आणि किंमत किआंतीपेक्षा कितीतरी वर. अशा बंडखोर बाटल्या वाढत गेल्या तेव्हा कायद्याला वाकावं लागलं. 1996 मध्ये किआंती क्लासिको निव्वळ सांजोव्हेसेची करायला परवानगी मिळाली आणि 2006 च्या पिकापासून तिच्यात पांढऱ्या द्राक्षांना बंदीच आली. सक्ती ते बंदी हा प्रवास चाळीस वर्षांत! सरकारी नियम म्हणजे परंपरा असं कुणी सांगितलं तर हा इतिहास आठवावा.

आज हिशेब असा. साध्या किआंतीत सांजोव्हेसे किमान 70 टक्के. किआंती क्लासिको म्हणजे मूळ, जुन्या हद्दीतली. तिच्यात किमान 80 टक्के, आणि बाटलीच्या गळ्याशी काळ्या कोंबड्याचं चिन्ह. ब्रुनेल्लो दी मोन्ताल्चिनो सिएनाच्या दक्षिणेकडच्या एका टेकडीवरच्या गावाची, आणि तिच्यात शंभर टक्के सांजोव्हेसेच. रोस्सो दी मोन्ताल्चिनो तिथलीच, तितकीच शुद्ध, पण तरुणपणी विकलेली. समुद्राच्या बाजूची मोरेल्लीनो दी स्कान्सानो जरा ऊबदार, गोलसर.

एक खड्डा मात्र सांगून ठेवतो. व्हिनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो ही मोन्तेपुल्चानो नावाच्या गावाची सांजोव्हेसे आहे. मोन्तेपुल्चानो दाब्रुत्सो ही त्याच नावाच्या एका वेगळ्या द्राक्षाची, आब्रुत्सो प्रांतातली, गडद वाइन. दोघींचा संबंध फक्त नावापुरता. दुकानातला माणूससुद्धा इथे घसरतो.

ब्रुनेल्लो एवढी महाग का?

मोन्ताल्चिनोत फेर्रुच्चो बिओन्दी-सान्ती याने सांजोव्हेसेच्या निवडक वेलींची, फक्त त्याच द्राक्षाची, दीर्घकाळ मुरवायची वाइन काढली. 1888 चं पीक त्यातलं प्रसिद्ध. आजच्या नियमानुसार ब्रुनेल्लो किमान दोन वर्षं लाकडी पिंपात राहते आणि काढणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या 1 जानेवारीआधी बाजारात येऊ शकत नाही. 2021 चं पीक जानेवारी 2026 मध्ये. म्हणजे बागायतदाराने चार वर्षं पैसा तळघरात अडकवून बसायचं. किमतीचा मोठा भाग या थांबण्याचा आहे.

शुद्धतेचा आग्रहही महाग पडतो. 2008 मध्ये काही उत्पादकांनी ब्रुनेल्लोत दुसरी द्राक्षं मिसळल्याच्या संशयावरून चौकशी झाली, अमेरिकेने आयात रोखायची भाषा केली. त्या काळात परदेशी बाजाराला गडद, गुबगुबीत वाइन आवडत होत्या, आणि सांजोव्हेसे मुळात गडद नाही. मोह तिथून येतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात उत्पादकांच्या संघटनेत मतदान झालं आणि प्रचंड बहुमताने ठरलं : शंभर टक्के म्हणजे शंभर टक्के.

पण महाग म्हणजे जेवणाला जास्त चांगली, असं मात्र नाही. टोमॅटोच्या साध्या पास्त्याबरोबर दहा वर्षांची ब्रुनेल्लो उघडणं मला उधळपट्टी वाटते. पास्ता तिला झाकून टाकतो. त्या ताटाला तरुण किआंती किंवा रोस्सोच हवी. लेबलावर ‘रिझेर्व्हा’ असेल तर वाइन जास्त मुरलेली, लाकडाचा वास असलेली समजावी आणि ती भाजलेल्या, शिजून मऊ झालेल्या मांसासाठी ठेवावी.

ताटात काय असावं?

तोस्कानातलं जेवण दिखाऊ नाही. तिथली पाव मीठ न घालता भाजतात, आणि शिळी झाली की टाकत नाहीत. शिळ्या पावाचे तुकडे टोमॅटो, लसूण, बेसिल आणि पाण्यात शिजवून घोटले की होते पाप्पा अल पोमोदोरो. वर ऑलिव्ह तेलाची धार, इतकी की चमच्याभोवती हिरवट कडं दिसतं. याच्याबरोबर किआंतीचा घोट घेऊन बघितला की या द्राक्षाचं कोडं सुटतं. टोमॅटो आंबट, त्याच्यापुढे कमी आंबट वाइन ठेवली तर ती मचूळ, बेचव लागते. इथे आंबटाला आंबट भेटतं आणि दोन्ही गोडसर वाटायला लागतात. तेलाने जीभ माखलेली असते म्हणून तुरटपणाही निवतो.

या जोडीला कुणी ‘प्राचीन’ म्हणेल, तर तसं नाही. टोमॅटो अमेरिकेतून आला. मेदिचींच्या घरी तो पोचल्याची नोंद 1548 ची आहे आणि रोजच्या स्वयंपाकात रुळायला त्याला आणखी दोनेक शतकं लागली. सांजोव्हेसे त्याआधीपासून तिथे होतं. म्हणजे जोडी जुळली ती दोघांच्या आंबटपणामुळे.

मांसाहारी ताटात मान बिस्तेक्का आल्ला फिओरेन्तिनाचा : कियानिना जातीच्या गुरांच्या मांसाचा हाडासकट, तीन-चार बोटं जाड काप, निखाऱ्यावर बाहेरून करपवलेला, आत लालच ठेवलेला. त्याची चरबी आणि प्रथिनं टॅनिनला पुरून उरतात. रानडुकराच्या रश्श्यातला रुंद पट्ट्यांचा पास्ता, कोंबडीच्या काळजाची चटणी लावलेले भाजक्या पावाचे तुकडे, बडीशेप घातलेली सलामी हेही तिथलं नेहमीचं.

मांस न खाणाऱ्यांना यात जागा नाही, असं वाटेल. पण इतर इटालियन लोक तोस्कानावाल्यांना चेष्टेने ‘घेवडे खाणारे’ म्हणतात! पांढरा घेवडा लसूण आणि सेज नावाचा सुगंधी पाला घालून शिजवायचा, वर तेल ओतायचं, झालं जेवण. घेवडा, काळा कोबी आणि शिळी पाव यांचं दाट सूप, रिबोल्लीता, हे तर थंडीतलं मुख्य अन्न. आणि मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज : त्यात मीठ, चरबी, प्रथिनं तिन्ही. घरी प्रयोग करायचा असेल तर यानेच करावा. एक घोट नुसता, मग चीजचा तुकडा नीट चावून, मग पुन्हा घोट. दुसरा घोट दुसऱ्याच बाटलीतला वाटतो.

आपल्या तिखटाचं काय?

हा प्रश्न परका नाही, कारण सांजोव्हेसे महाराष्ट्रातही पिकतं. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या बागांत ते लावलेलं आहे. तिथली वाइन घडवली ती तोस्कानाच्या पिएरो मासी यांनी. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि वाइनच्या द्राक्षाची काढणी उन्हाळ्याच्या तोंडावर. तोस्कानात मणी थंड होत जाणाऱ्या दिवसांत पिकतात, इथे तापत जाणाऱ्या. त्यामुळे आंबटपणा जळून जायच्या आत घड उतरवणं हीच इथल्या माणसाची परीक्षा.

आता तिखट. मिरचीतला जळजळीत पदार्थ जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या यंत्रणेला चेतवतो आणि अल्कोहोल त्याच यंत्रणेला आणखी हळवं करतं. वर टॅनिनचा खरखरीतपणा. तेव्हा झणझणीत तांबडा रस्सा किंवा कट ओतलेली मिसळ यांच्यासमोर सांजोव्हेसे ठेवू नये. रस्साही वाया, वाइनही वाया. गूळ घातलेली आमटी दुसरा शत्रू, कारण गोडावर आंबट वाइन दुप्पट आंबट लागते. बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर रेड वाइनमधल्या लोहामुळे तोंडात उग्र, माशाळ चव राहते.

जमतं ते बेताच्या तिखटाचं, थोडं स्निग्ध, थोडं आंबट. कमी मिरचीचं सुकं मटण. कोळशावरचे कबाब. गूळ न घातलेली, कांदा-टोमॅटोवर परतलेली वांगी. लोण्याचा गोळा घातलेलं गरम थालीपीठ तर माझ्या मते पिझ्झापेक्षा सरस, फक्त शेजारचा ठेचा दूर सरकवावा लागतो.

रेड वाइन हृदयाला चांगली ना?

ही समजूत फार पसरली, पण जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित मानता येत नाही. वाइन औषध म्हणून पिऊ नये. पीत नसाल तर या लेखाखातर सुरू करायचं कारण नाही. वरचं सगळं वाचून टोमॅटो आणि चीजबद्दल कळलं तरी पुष्कळ आहे.

ओतताना

रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. आपल्या तीस-बत्तीस अंशांत अल्कोहोल नाकात जातं आणि वाइन आंबट काढ्यासारखी लागते. बाटली फ्रीजमध्ये ठेवून 16 ते 18 अंशांवर आली की ओतावी. तरुण किआंतीला ओतण्यापलीकडे काही सोपस्कार नकोत. ब्रुनेल्लो असेल तर तासभर आधी रुंद भांड्यात काढून हवा लागू द्यावी. उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. त्यानंतर ती मटणाच्या रश्श्यात घाला, पण अर्धी वाटीच आणि त्या दिवशी टोमॅटो कमी : अल्कोहोल शिजताना बरंचसं उडून जातं, चिंचेचं ते आम्ल मात्र भांड्यातच राहतं.